खाद्य कालवे : पनवेल खाडी व परिसर

मृदुकाय संघाच्या द्विपुट वर्गातील ऑस्ट्रिइडी कुलात मोडणारे व माणसाच्या आहारात असलेले शिंपाधारी प्राणी. मराठीत यांना कालव (अनेकवचन कालवे) म्हणतात. कोळी व आगरी बोलींत ‘कालवं’ असा उच्चार रूढ आहे. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पनवेल व उरण या तालुक्यांतील खाड्यांच्या काठी कालवे हे पिढ्यान् पिढ्या अन्नही होते आणि थोड्याफार रोख कमाईचे साधनही होते. गाढी, काळुंद्रे व कासाडी या नद्यांचे पाणी घेऊन पनवेलची खाडी पश्चिमेस बेलापूर व उलवे यांच्या मधून ठाणे खाडीला व मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या या मिश्रणातच येथील कालवांच्या निरनिराळ्या चवींचे मूळ आहे.

कालव या नावाने बाजारात कधीकधी दुसरेही शिंपले खपतात, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. तिसऱ्या (शिवल्या) व खुबे हे चिखलात किंवा वाळूत पुरून राहणारे वेगळे द्विपुट प्राणी होत. मोती देणारी शिंप ऑस्ट्रिइडी कुलातील नव्हे. ज्या चपट्या, पारदर्शकप्राय शिंपांचे तुकडे वसई व गोव्याकडील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवीत, ती प्लॅक्युना ही जातही खऱ्या कालवांहून भिन्न आहे. रस्सेदार पदार्थाला म्हणतात तो ‘कालवण’ हा शब्द ‘कालवणे’ या धातूपासून आलेला असून कालव या प्राण्याशी त्याचा संबंध नाही. मात्र कोळीवाड्यात कालवांचे कालवण हा शब्दप्रयोग सर्रास चालतो आणि तो कोणाला खटकत नाही.

कालवाचा डिंभ दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत राहतो आणि नंतर खडक, जुना शिंपला, लाकडाचा खुंट किंवा तिवराचे मूळ अशा एखाद्या कठीण पृष्ठावर डाव्या शिंपेने कायमचा चिकटतो. त्यानंतर जागा बदलणे नाही. पुढील सर्व आयुष्य भरतीबरोबर येणारे पाणी कल्ल्यांवरून गाळून त्यातील सूक्ष्म प्लवक खाण्यात जाते. पूर्ण वाढलेले कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. मासा घाण पाणी सोडून दुसरीकडे जातो, कालवाला ते शक्य नसते. पाण्यातील मीठ, प्लवक, गाळ, जंतू, धातू या सर्वांचा अंश त्याच्या मांसात व शिंपांमधील पाण्यात उतरतो. त्यामुळे एकाच जातीची कालवे दोन खाड्यांत दोन चवींची होतात. यूरोप-अमेरिकेत कालवे जातीपेक्षा खाडीच्या किंवा गावाच्या नावाने विकली जातात, ती याच कारणाने.

मुंबई बंदराभोवतालच्या किनाऱ्यावर मुख्यतः दोन प्रकारची कालवे खाल्ली जातात. पहिला खडकावरील कालवांचा, शास्त्रीय नाव सॅकोस्ट्रिया क्युक्युलेटा. ही कालवे लहान, बहुधा चार ते सहा सेंमी. लांबीची, पेल्यासारख्या खोल डाव्या शिंपेची असून त्यांच्या शिंपेची कड नागमोडी व दातेरी असते. उरण-मोऱ्याचा किनारा व घारापुरीचे बेट यांसारख्या खडकाळ जागी, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, ती एकमेकांना चिकटून खडक पांढुरका करून टाकतात. अनवाणी चालणाऱ्याचा पाय कापण्यास ही कड पुरेशी असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वाढल्यामुळे यांचे मांस घट्ट, खारट व चवीला तीव्र असते. गिळल्यावर जिभेवर धातूसारखी किंचित तुरट चव रेंगाळते. आकाराने क्षुल्लक म्हणून बाजारात यांना कमी लेखतात. चवीच्या दृष्टीने हा अन्याय आहे. ऑस्ट्रेलियात अतिशय नावाजलेले सिडनीचे खडक-कालव याच सॅकोस्ट्रिया वंशातील आहे.

दुसरा प्रकार खाडीतील मोठ्या कालवांचा, क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस या जातीचा. अलीकडच्या वर्गीकरणात क्रॅसोस्ट्रिया वंशातील आशियाई जाती मॅगॅलाना या नव्या वंशात घालण्यात येतात; जुन्या ग्रंथांत मात्र पहिलेच नाव सापडते. ही लांबट, जाड शिंपेची कालवे पंधरा सेंमी. किंवा त्याहून मोठी होतात व खाडीच्या मुखापासून आत, गढूळ आणि कमी खाऱ्या पाण्यातही तग धरतात. ठाणे-पालघर किनाऱ्यावरील सातपाटी व केळवे येथील खाड्या या जातीसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. मांस भरपूर, मऊ, मलईसारखे व गोडसर असते. खारटपणा कमी असल्याने मसाला त्याच्यावर चटकन बसतो, पण स्वतःची चव दबते; भरपूर तिखटाच्या रश्शात खाडीचे कालव आणि खडकावरचे कालव यांतील भेद ओळखणे कठीण जाते. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर क्रॅसोस्ट्रिया रिव्ह्युलॅरिस ही रुंद व चपट्या शिंपेची आणखी एक जात आढळते. पूर्व किनारा, केरळ व कर्नाटक येथील क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस ही जात भारतात सर्वांत महत्त्वाची मानतात. शिंप मिटणाऱ्या स्नायूचा जांभळट वण ही तिची खूण होय.

गोडीचे कारण मुख्यतः ग्लायकोजेन हे आहे. विणीपूर्वी कालव अंगात ग्लायकोजेन साठविते व त्या वेळी ते भरलेले, दुधाळ व चविष्ट लागते; वीण झाल्यावर मांस पातळ, पाणचट व निस्तेज होते. मुंबईच्या शास्त्रसंस्थेशी संबंधित संशोधक व्ही. एस. दुर्वे व डी. व्ही. बाळ यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत ग्रायफॉइडिस जातीची रासायनिक घटना, पिलांची वाढ व विणीचा काळ यांवर लेख प्रसिद्ध केले. या जातीची वीण पावसाळ्याच्या सुमारास, खाडीच्या पाण्याची लवणता घटते तेव्हा होते. इंग्रजी महिन्याच्या नावात ‘आर’ हे अक्षर नसेल तर कालव खाऊ नये, असा यूरोपात जुना संकेत आहे. तेथे हे महिने मे ते ऑगस्ट असे येतात. कोकणात असा संकेत अक्षरांवर बांधलेला नाही, पण व्यवहार जवळजवळ तोच. आषाढात नद्यांचा पूर खाडीत उतरतो, खडक निसरडे होतात, श्रावण अनेक घरांत वर्ज्य असतो. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू पुन्हा कालवे घरात येऊ लागतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा खरा हंगाम असतो.

कालवे काढणे हे या भागात प्राधान्याने स्त्रियांचे काम. पुरुष होडीने बाहेर जात; स्त्रिया व मुले ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर व चिखलात शिंपले वेचीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी सर्वाधिक मागे हटते, म्हणून महिन्यातील तेवढेच चार-सहा दिवस भरघोस कामाचे. भांगाच्या दिवसांत हाती थोडे लागते. एक लहान टोकदार हातोडा किंवा कोयती, एक सुरी व एक टोपली एवढीच सामग्री लागे. अनुभवी बाई वरची शिंप एका घावात उडवून मांस फाटू न देता काढते व खालची शिंप खडकावरच सोडते. ही पद्धत अडाणीपणाची नाही. नवे डिंभ जुन्या शिंपांवर हटकून चिकटतात, त्यामुळे सोडलेली शिंप पुढच्या पिकाची जमीन ठरते. उलट चुन्याच्या भट्टीसाठी शिंपलेच उचलून नेले की तेवढ्यापुरती जागा ओस पडते. काढलेले मांस त्याच्याच पाण्यासह भांड्यात घालून पनवेल किंवा उरणच्या बाजारात वाट्याने किंवा वाटीने विकत.

शिजविण्याच्या रीतीतही शिंपेचा हिशेब आहे. तिसऱ्यांची एक शिंप ठेवून ‘एकशिपी’ करतात. कालवाची खडबडीत, जड शिंप भांड्यात घालता येत नसल्याने त्याचे मांसच वापरावे लागते. कांदा, आले-लसूण, हळद व आगरी किंवा कोळी मसाला यांत परतून केलेले सुके, कोकम, चिंच किंवा कैरी घालून केलेली आमटी आणि सोबत तांदळाची भाकरी हा नेहमीचा बेत. कालवाला पाणी सुटते, म्हणून मीठ शेवटी व बेताने घालतात आणि आच लांबवीत नाहीत. फार शिजलेले कालव रबरासारखे होते. निखाऱ्यावर भाजल्यास शिंपा आपोआप उघडतात व मांस स्वतःच्या खाऱ्या पाण्यात शिजते. जातीजातींतील चवीचा फरक या साध्या प्रकारातच नीट कळतो. पाश्चात्त्य देशांप्रमाणे लिंबू पिळून जिवंत कालव खाण्याची रीत येथे रूढ झाली नाही. पोषणदृष्ट्या कालवात प्रथिने व लोह पुरेसे असून जस्ताचे प्रमाण इतर कोणत्याही नेहमीच्या अन्नापेक्षा अधिक असते.

श्रीमंतांचे अन्न म्हणून कालवाची ख्याती रोमन काळापासूनची. इ. स. पू. पहिल्या शतकात सर्जियस ओराटा याने ल्युक्रिनस सरोवरात कालवे वाढविल्याचे प्लिनीने नमूद केले आहे. कोकणात मात्र कालव हे गरिबाचेच अन्न राहिले, आणि म्हणून त्याचा लेखी इतिहास अत्यल्प आहे. पनवेल हे घाटावरील मालाचे मोठे बंदर होते. १८३० मध्ये बोर घाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून होडीने पनवेल व तेथून गाडीने पुणे हा प्रवाशांचा नित्याचा मार्ग झाला. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. १८६३ मध्ये बोर घाटातून लोहमार्ग गेला व बंदराची रया गेली. या सर्व काळातील नोंदी तांदूळ, मीठ व जकात यांच्या आहेत. मिठागरांचे उत्पन्न मोजले जात होते. खडकावरून टोपलीत व टोपलीतून चुलीवर जाणाऱ्या अन्नावर कर नव्हता, त्यामुळे त्याची मोजणीही झाली नाही.

शास्त्रज्ञांचे लक्ष कालवांकडे वळले ते विसाव्या शतकात. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील प्राध्यापक पी. आर. आवटी यांनी एच. एस. राय यांच्यासमवेत खडकावरील कालवावर लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये भारतीय प्राणिविज्ञान-ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला व पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी कालवाची शरीररचना त्यावरूनच अभ्यासली. कालवाच्या शिंपांत राहून त्याच्या अन्नावर जगणाऱ्या वाटाण्याएवढ्या खेकड्याचाही त्यांनी विचार केला असून असा खेकडा असलेल्या कालवांत नरांचे प्रमाण अधिक आढळते, असे नोंदविले आहे. अन्न कमी मिळाल्याने कालवाचे लिंग पालटते की काय, या प्रश्नाच्या चर्चेत हे निरीक्षण परदेशी ग्रंथांतही उल्लेखिले जाते.

पनवेलच्या खाडीचे आधुनिक रूपांतर १७ मार्च १९७० रोजी सिडकोच्या (शहर व औद्योगिक विकास महामंडळाच्या) स्थापनेने सुरू झाले. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांची जमीन घेण्याचे ठरले. मिठागरे, भातखाचरे, खाजणे यांवर भराव पडला. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना हे या आंदोलनाचे फलित होय. ही योजना जमिनीच्या मालकांसाठी होती. भरतीच्या रेषेखालची जागा सरकारची. ओहोटीत उघडा पडणारा खडक कोणाच्याही सातबाऱ्यावर नसतो. ज्या कुटुंबाचे अर्धे जेवण व मिठामिरचीचा पैसा त्या खडकावरून येई, त्याला खडक भरावाखाली गेल्यावर दाखविण्यासारखा कागद नव्हता. विस्थापनाच्या चर्चेत ही बाब बराच काळ मागे राहिली.

भरावाइतकेच पाण्याच्या दूषणाने नुकसान केले. तळोजे औद्योगिक वसाहत कासाडी नदीच्या काठी उभी राहिली, वाढत्या शहरांचे सांडपाणी खाड्यांत येऊ लागले आणि ठाणे खाडीच्या दुसऱ्या अंगाला रासायनिक कारखान्यांचा पट्टा आधीपासून होताच. १९८१ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतील पाऱ्याविषयीचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. कालव या परिस्थितीचा आपोआप साक्षीदार ठरते. तेल असलेल्या पाण्यातील कालवाला घासलेटाचा वास येतो व तो मसाल्याने जात नाही. हे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पण पारा, शिसे, कॅडमियम यांना वास नसतो. कालवे शिजवूनच खाण्याच्या कोकणातील जुन्या प्रघाताने जंतूंपासून बरेच संरक्षण मिळते, धातूंपासून मुळीच मिळत नाही. स्वच्छ, जंतुरहित समुद्रजलात एकदोन दिवस ठेवून कालवे शुद्ध करण्याच्या पद्धतीलाही हीच मर्यादा आहे. यूरोपात कालवांच्या मांसातील जंतूंच्या संख्येवरून खाड्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडतात व फक्त पहिल्या वर्गातील कालवे थेट विक्रीस जाऊ देतात.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याचा भराव, तिवरांचा नाश व भरतीच्या प्रवाहातील अडथळे यांविरुद्ध उरण भागातील कोळी पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाच्या पुणे येथील पीठाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेपेक्षाही त्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे : जमिनीचा उतारा नसला तरी खाडीवर चालणारी उपजीविका ही हिरावता येण्याजोगी व म्हणून भरून देण्याजोगी वस्तू आहे, हे त्यात मान्य झाले. भरपाईचे एकक मात्र कुटुंब हे होते. होडीतील पुरुषाची मिळकत व खडकावरील स्त्रीची मिळकत यांचा वेगळा हिशेब त्यात उरत नाही. दरम्यान २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा हा सागरी सेतू खुला झाला आणि पनवेल खाडीच्या दक्षिण काठी, उलव्याची टेकडी सपाट करून, नदीचा प्रवाह वळवून व दहा वसाहतींचे स्थलांतर करून उभारलेल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

कालवे यामुळे नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. डिंभाला चिकटण्यास कठीण पृष्ठभाग हवा असतो, तो नैसर्गिकच असला पाहिजे असे नाही. धक्क्यांच्या भिंती, पुलांचे खांब, भरावाचे दगड यांवरही कालवे दाटीने वाढतात. अवघड प्रश्न ती खावीत की नाही हा आहे, आणि वर वर्णिलेल्या चवींपैकी खाडीच्या मोठ्या कालवाची गोडी याच प्रश्नामुळे प्रथम ताटातून मागे सरते. खडकावरील लहान कालव मोकळ्या समुद्राच्या अंगाला असल्याने त्या मानाने बरे. लागवडीचा पर्याय भारतात नवा नाही : केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तुतीकोरिन येथे मद्रासेन्सिस जातीवर प्रयोग करून पद्धत बसविली व १९९० नंतर केरळच्या खाड्यांत ती स्त्रियांच्या गटांपर्यंत पोहोचविली. महाराष्ट्रात अशी लागवड सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाड्यांत बचत गटांमार्फत करण्यात आली आहे. दोरीला ओवलेले रिकामे शिंपले बांबूच्या मांडवाला टांगतात, त्यांवर डिंभ बसू देतात आणि सात-आठ महिन्यांनी, वीण होण्यापूर्वी, कालवे भरलेली असतानाच ती काढतात.